शाळांच्या संकेतस्थळांसाठी सूचना लिहायच्या आहेत? आधी चार्ज कोण घेणार ते ठरवा

मॅडम, नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही विस्तार अधिकारी आहात, तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांची संकेतस्थळं ‘एकसारखी आणि अद्ययावत’ असावीत म्हणून साहेबांनी तुमच्याकडे मार्गदर्शक सूचनांचा मसुदा पंधरा दिवसांत मागितला आहे, आणि कुठल्या जिल्ह्याचा तयार नमुना मिळाला तर तुम्हाला हवा आहे. नमुना माझ्याकडे आहे. मीच लिहिलेला आहे. पण तो तुम्हाला देत नाही, आणि का देत नाही हे सांगताना तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होऊन जाईल.

मी आधी झेडपीचा शिक्षक, मग तालुक्याच्या गटसाधन केंद्रात शिक्षकांना मदत करणारा साधनव्यक्ती, आणि नंतर बरीच वर्षं जिल्ह्याच्या पातळीवर हेच काम केलं. माझा पहिला मसुदा चौतीस पानांचा होता. वरच्या पट्टीचा रंग कोणता, बोधचिन्ह डावीकडे की उजवीकडे, ‘मुख्याध्यापकांचे मनोगत’ किती ओळींचं, छायाचित्र दालनात किमान किती फोटो, सगळं त्यात होतं. मार्चअखेर शाळांनी संकेतस्थळं केलीही. कुणी ब्लॉगस्पॉटवर केलं, कुणी तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडून करून घेतलं. अहवाल शंभर टक्क्यांचा गेला. दोन वर्षांनी मी तीच यादी घेऊन एकेक पत्ता उघडायला बसलो. पहिला बंद. दुसऱ्यावर मनोगत होतं ते सेवानिवृत्त झालेल्या बाईंचं. तिसरा उघडला तर शाळेच्या नावाच्या पत्त्यावर रमीची जाहिरात आणि पत्त्यांचे खेळ.

त्या तिसऱ्या शाळेचं झालं ते असं. पत्ता ज्या गुरुजींनी हौसेनं स्वतःच्या खिशातून घेतला होता, त्यांची ऑनलाइन बदलीत दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. नूतनीकरणाच्या सूचना त्यांच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, तो ते उघडत नव्हते. मुदत संपली, पत्ता बाजारात सुटला, आणि असे सुटलेले पत्ते गोळा करणाऱ्यांनी तो उचलला. गुरुजींचा दोष काहीच नव्हता. दोष माझ्या चौतीस पानांचा होता. त्यात रंगांना तीन पानं होती आणि ‘बदली झाली तर काय’ यावर एक ओळही नव्हती.

म्हणून साहेब जो प्रश्न विचारताहेत तो ‘एकसारखी कशी दिसतील’ असा असला, तरी तुम्ही उत्तर द्यायचं ते ‘आज जो करतोय तो गेल्यावर कोण करणार’ याचं. आपल्याकडे बदली झालेला मुख्याध्यापक चार्ज देताना जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही) देतो, कॅशबुक देतो, जड वस्तू संग्रह नोंदवही देतो, पोषण आहाराच्या तांदळाचा शिल्लक साठा मोजून देतो. कपाटाच्या किल्ल्यांचीही नोंद होते. संकेतस्थळाची होत नाही. तुमच्या सूचनांमधलं पहिलं कलम हेच ठेवा: संकेतस्थळाचा पत्ता, खात्याचा ईमेल आणि पासवर्ड चार्ज यादीत लिहिला जाईल. पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर तारीख आणि सही, आणि नव्या माणसानं चार्ज घेतला की त्याच दिवशी तो बदलायचा. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांकही बदलायचा. हे शेवटचं लोक हमखास विसरतात, मग ओटीपी जातो बदलून गेलेल्या गुरुजींच्या फोनवर, आणि ते बिचारे वर्गात असतात.

पासवर्डवरून आठवलं. शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, म्हणजे अकरा अंकी यूडायस क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवण्याची फार मोठी खोड आपल्याकडे आहे. तो क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. हे सूचनांमध्ये स्पष्ट लिहा, संकोच करू नका.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. सगळ्यात मोठी ही, की प्रत्येक शाळेला स्वतंत्र संकेतस्थळ हवंच का? माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असं आहे. तुमच्या तालुक्यात वीस-पंचवीस पटाच्या द्विशिक्षकी शाळा असतीलच. समग्र शिक्षामधून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये; त्यात खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता, सगळंच बसवायचं. त्यातून दोन-तीन हजार संकेतस्थळाला काढा म्हणणं मला पटत नाही. शिवाय दोन शिक्षकांत चार वर्ग, वर शाळेची आणि मुलांची माहिती भरायची सरल आणि यूडायस प्लस ही पोर्टलं आहेत, पोषण आहाराची रोजची नोंद आहे. तिथे आणखी एक ऑनलाइन काम लादलं की ते फक्त तपासणीच्या आदल्या रात्री होतं.

अशा शाळांसाठी तालुक्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर एकेक पान पुरतं. पानाचा पत्ता यूडायस क्रमांकावरून ठरवायचा. शाळेचं नाव बदलतं, ‘प्राथमिक’ची ‘उच्च प्राथमिक’ होते, गावाच्या नावाची स्पेलिंगं तीन असतात. यूडायस सहसा टिकतो. पहिले दोन अंक २७ म्हणजे आपलं राज्य, पुढचे जिल्हा, गट, गाव आणि शेवटचे दोन त्या गावातली शाळा, अशी त्याची रचनाच आहे. पत्ता म्हणून यापेक्षा सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

मोठी शाळा असेल, गुरुजींमध्ये दोघं-तिघं तरी हौशी असतील, गावाचा आधार असेल, तर स्वतंत्र संकेतस्थळ जरूर करू द्या. अडवू नका. फक्त ती जादाची गोष्ट राहील. सक्तीचं असेल ते तालुक्याच्या संकेतस्थळावरचं पान. आणि तालुक्यात सीबीएसई संलग्न शाळा असतील तर त्यांचा हिशेब वेगळा आहे. त्या मंडळानं २०२१ पासून संलग्न शाळांना ठरलेल्या नमुन्यात माहिती संकेतस्थळावर जाहीर करणं सक्तीचं केलं आहे. त्यांच्यावर तुमच्या सूचनांचा दुसरा थर चढवायची गरज नाही. अनुदानित खासगी शाळांच्या बाबतीत संस्थेशी बोलून घ्या. तिथे पत्त्याची मालकी बहुधा संस्थेच्या सचिवांकडे असते आणि मुख्याध्यापकांना ते ठाऊकही नसतं.

पत्त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे आणि मनस्ताप दोन्ही इथेच जातात. शासकीय कार्यालयासाठी ‘गव्ह डॉट इन’ हाच पत्ता हवा, आणि तो एनआयसी, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत मिळतो. बहुतेक जिल्ह्यांची, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयांची संकेतस्थळं एनआयसीच्याच ‘एसथ्रीवास’ या व्यवस्थेवर चालतात. सांगाडा तयार असतो, मजकूर तुम्ही भरायचा. तुमच्या जिल्हा परिषदेचं आधीच तिथे असेल तर नवीन काही उभं करू नका, शिक्षण विभागाला त्यात जागा मागा. शैक्षणिक संस्थांसाठीचे ‘एसी डॉट इन’ आणि ‘ईडीयू डॉट इन’ हे पत्ते अर्नेट इंडिया ही केंद्र सरकारची संस्था कागदपत्रं तपासून देते, म्हणून ते पत्त्यांचे खेळ खेळवणाऱ्यांच्या हाती सहज लागत नाहीत. उघड्या बाजारातला ‘डॉट कॉम’ घ्यायचाच झाला तर तो शाळेच्या पदनामाच्या ईमेलवर आणि एकदम काही वर्षांसाठी घ्या. कॉम्प्युटरवाल्याशी करार लेखी हवा, आणि त्यात एक वाक्य असं हवं की पत्ता आणि सगळा मजकूर शाळेचा आहे, मागितल्यापासून आठ दिवसांत तो सुपूर्द होईल. हे वाक्य नसल्यामुळे एका शाळेला स्वतःच्याच संकेतस्थळासाठी त्याच माणसाला दुसऱ्यांदा पैसे मोजताना मी पाहिलं आहे.

आता पानावर काय असावं. आपल्याला वाटतं की पान पालक बघतील. पालक बघत नाहीत. पालकांचा व्हॉट्सॲप गट आहे, आणि आई रोज मुलाला सोडायला येतेच. आमच्याकडे आलेले फोन आणि ईमेल मी एक वर्ष वहीत टिपले होते. सगळ्यात जास्त चौकशी कुणाची होती? पन्नाशी-साठीतल्या माजी विद्यार्थ्यांची, किंवा त्यांच्या मुलांची. ‘वडील तुमच्या शाळेत १९५८ला होते, प्रवेश-निर्गम उतारा हवाय.’ कारण उघड आहे. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा, विमुक्त आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१च्या, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७च्या. खेड्यातल्या माणसाकडे तो पुरावा असलाच तर बहुतेक वेळा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येच असतो. पुण्या-मुंबईहून माणूस एसटीनं गावी येतो, शाळा बंद असते किंवा मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले असतात, आणि तो परत जातो.

म्हणून माझ्या आताच्या सूचनांमध्ये प्रत्येक शाळेच्या पानावर पहिली ओळ ही असते: शाळेत कोणत्या सालापासूनची जनरल रजिस्टरं आहेत, कुठली गहाळ किंवा जीर्ण आहेत, उतारा मागायला काय घेऊन यावं आणि कोणत्या वारी, किती वाजता यावं. एवढ्या चार ओळी लिहिल्यावर फोन निम्म्यावर आले असं म्हणायचा मोह होतो, पण मी ते मोजलेलं नाही. एसटीचे हेलपाटे मात्र वाचले, ते लोकांनी येऊन सांगितलं.

तुम्हाला २०२३ आठवत असेल. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला निघालो तेव्हा शाळांची दप्तरं पुन्हा उघडली गेली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदींची स्कॅन केलेली पानं चढली. काम मोठं होतं आणि घाईत झालं. घाईची खूण अजून दिसते: फाइलीचं नाव ‘स्कॅन ००४७’, आत शंभर-सव्वाशे पानं, त्यातली काही मोडीतली, गाव कोणतं ते शेवटच्या पानावर. खेड्यातल्या फोनवर ती फाइल उतरतच नाही. तुमच्या तालुक्यात असं काही पुन्हा चढवायची वेळ आली तर फाइलीच्या नावातच तालुका, गाव, शाळा आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत हे घाला, आणि फाइल लहान ठेवा. आजच्या पटावरच्या मुलांची जात दाखवणारं एकही पान मात्र चुकूनसुद्धा त्यात जायला नको. जुनी नोंद पुरावा म्हणून उघडी करणं आणि आज चौथीत बसलेल्या मुलाची जात गावभर वाचायला देणं, यात फरक आहे.

बाकीच्या मजकुराबद्दल फार लिहीत नाही. शाळेचं पूर्ण नाव, यूडायस, गाव, इयत्ता, माध्यम, वेळ, मुख्याध्यापकांचं नाव, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचे सदस्य, तक्रार कुणाकडे करायची, मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक, आणि पान शेवटचं कधी तपासलं ती तारीख. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख)मधल्या सतरा बाबी तालुका कार्यालयाच्या पानावर एकदाच नीट द्या. प्रत्येक शाळेकडून त्या मागवू नका. नाहीतर एकाच मजकुराच्या शंभर नकला तयार होतात आणि त्यातल्या नव्व्याण्णव जुन्या असतात. ‘मनोगत’ काढून टाका. आजवर कुणी वाचलेलं मला माहीत नाही.

दूरध्वनीचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. शाळेत लँडलाइन नसते, म्हणून मुख्याध्यापकांचा वैयक्तिक मोबाइल पानावर जातो. बाई मुख्याध्यापक असतील तर रात्री-अपरात्री फोन येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. जिथे जमेल तिथे शाळेच्या नावाचं साधं सिम, चार्ज यादीत नोंदवलेलं. जिथे जमणार नाही तिथे केंद्र शाळेचा किंवा गटसाधन केंद्राचा क्रमांक. वैयक्तिक क्रमांक ज्यांचा आहे त्यांनी लेखी हो म्हटल्याशिवाय देऊ नका.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: खातं माणसाचं नको, पदाचं हवं, शाळेला एक पान पुरे, आणि ते पान लिहायचं ते खरोखर कोण शोधत येतं हे बघून.

आता मुलांची माहिती. इथे मी मुद्दाम थांबणार आहे, कारण रंग चुकला तर कुणाचं काही बिघडत नाही, इथे बिघडतं.

एका कार्यालयात शिष्यवृत्तीच्या लाभार्थ्यांची यादी संकेतस्थळावर टाकायची होती. लिपिकानं एक्सेलमधले आधार क्रमांक आणि बँक खात्याचे रकाने लपवले आणि फाइल चढवली. लपवले, पुसले नाहीत. उतरवून घेणाऱ्यानं दोन क्लिक केले की ते रकाने परत हजर. कुणी आरडाओरडा केला नाही म्हणून ती फाइल कित्येक महिने तशीच होती. आधार कायद्याच्या कलम २९(४)नुसार कुणाचा आधार क्रमांक असा जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. पण त्या लिपिकाला कुणी ते सांगितलंच नव्हतं, आणि माझ्या चौतीस पानांतही ते नव्हतं. सूचनेत असं लिहा: एक्सेल फाइल संकेतस्थळावर चढवायचीच नाही, हवे तेवढेच रकाने नव्या फाइलीत घ्यायचे आणि तिची पीडीएफ करायची.

‘पण मॅडम, माहिती अधिकारात लाभार्थ्यांचा तपशील जाहीर करायला सांगितलाय ना?’ असं तुम्हाला कुणीतरी विचारेलच. सांगितलं आहे, सतरा बाबींत अनुदान योजनांची अंमलबजावणी आणि लाभार्थी येतात. पण मुलांच्या बाबतीत मी शाळानिहाय आणि योजनानिहाय संख्या आणि रक्कम जाहीर करतो. नावांची यादी कार्यालयात ठेवतो आणि ज्या त्या पालकाला त्याच्या मुलाची नोंद दाखवतो. योजना जातीवर किंवा अपंगत्वावर आधारलेली असेल तर नाव जाहीर करणं म्हणजे ती माहिती जाहीर करणंच झालं. तुमच्या जनमाहिती अधिकाऱ्यांशी यावर एकदा बोलून टिपणी लिहून ठेवा. नंतर वाद झाला तर ती उपयोगी पडते.

फोटोंचं म्हणाल, तर आमच्या गुरुजींना फोटोवर ठिकाण छापणारं कॅमेरा ॲप फार आवडतं, कारण उपक्रम खरंच झाला याचा तो पुरावा असतो. फोटोखाली तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, नकाशा, सगळं येतं. तो पुरावा वरिष्ठांना पाठवायला ठीक आहे. तोच फोटो संकेतस्थळावर टाकला की मुलीचा चेहरा, तिचं नाव, इयत्ता आणि ती दुपारी नेमकी कुठे असते हे एका चौकटीत जगाला मिळतं. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाचे किंवा वसतिगृहाचे असे फोटो मी स्वतः उतरवायला लावले आहेत. माझा नियम सोपा आहे: चेहरा असेल तर पूर्ण नाव नको, नाव असेल तर जवळून काढलेला चेहरा नको, आणि ठिकाणाचा ठसा कधीच नको. शिष्यवृत्ती परीक्षेत नंबर आला तर कौतुक करायचंच, गावाला अभिमान असतो. तेव्हा पालकांना विचारून नाव आणि फोटो द्या, वर्षभरानं उतरवा. एखादं मूल अत्याचाराच्या किंवा बालन्यायाच्या प्रकरणात असेल तर त्याची ओळख पटेल असं काहीही, जुन्या सहलीचा फोटोसुद्धा, लगेच काढायचा. पॉक्सो कायद्याचं कलम २३ आणि बालन्याय कायद्याचं कलम ७४ याबाबत कडक आहेत.

संमतीपत्र प्रवेश अर्जातच छापू नका. तिथे पालक सगळीकडे सही किंवा अंगठा करत जातात. वेगळा कागद, पाच-सहा ओळी, ‘नाही म्हटलं तरी प्रवेशावर परिणाम होणार नाही’ आणि ‘नंतर नकार देता येईल’ ही दोन वाक्यं ठळक. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३चा आहे, त्यात अठरा वर्षांखालची सगळी मुलंच धरली आहेत आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्याची वाट न पाहता आजच सवय लावलेली बरी.

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या पानाबद्दल एक वेगळी गोष्ट, पावसाची सुट्टी. जुलैत मुसळधार लागली की ‘उद्या शाळांना सुट्टी’ असं पत्र फिरू लागतं. अर्ध्या वेळा ते मागच्या वर्षीचं असतं, कधी शेजारच्या जिल्ह्याचं, कधी कुणीतरी बनवलेलं. खरं-खोटं बघायला एकच जागा हवी. सूचनेत लिहा की सुट्टीचा आदेश आधी ठरलेल्या पत्त्यावर चढेल, मग त्याचा दुवा गटांवर जाईल. नुसता फोटो जाणार नाही. आदेशाच्या मथळ्यात ‘उद्या’ हा शब्द नको. वार, तारीख, साल आणि कोणते तालुके हे हवं. दिवस उलटला की मथळ्यापुढे ‘मुदत संपली’ असं लिहायचं.

भाषा आणि वाचता येण्याबद्दल. केंद्राच्या शासकीय संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये पहिल्यांदा आल्या, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. त्या वाचा, पण शाळांना पाठवू नका, बोजड आहेत. शाळांना दोन चाचण्या सांगा. पहिली: पानावरचं एखादं वाक्य बोटानं निवडून व्हॉट्सॲपवर चिकटवून बघा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे. ‘’kkGk’ छापाचं काहीतरी गिचमिड आलं तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, आणि काहीच निवडता आलं नाही तर तो कागदाचा फोटो आहे. दोन्ही गोष्टी शोधात सापडत नाहीत आणि अंध माणसाच्या फोनला वाचून दाखवता येत नाहीत. दृष्टिहीन शिक्षक आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि आपलीच परिपत्रकं त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात, हे मला फार उशिरा लक्षात आलं. सही-शिक्क्याचं स्कॅन लागतंच, तर त्याच्या वर चार ओळींत युनिकोडमध्ये सार लिहा. दुसरी चाचणी: पान स्वस्तातल्या फोनवर, शाळेच्या व्हरांड्यात, भर दुपारच्या उन्हात उघडा. पिवळ्यावर पांढरी अक्षरं आणि सरकती पट्टी तिथेच बाद होते. नियमाच्या भाषेत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ला १ हवा, पण उन्हातला फोन तेच सांगतो.

नंदुरबारमधल्या धडगावसारख्या आदिवासी भागात, जिथे घरात पावरी बोली बोलतात, तिथे लिहिलेल्या मराठीनंही पुरत नाही. तिथल्या शाळेनं अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण टाकलं तर ते माझ्या दहा पानांपेक्षा उपयोगाचं.

उरला प्रश्न अद्ययावत ठेवण्याचा. ‘वेळोवेळी अद्ययावत करावे’ हे वाक्य लिहूच नका; वेळोवेळी म्हणजे कधीच नाही. मी झेंड्याचे दिवस धरले: १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे, आणि जोडीला शाळा सुरू होण्याचा पहिला दिवस. या दिवशी मुख्याध्यापक हमखास शाळेत असतात, समितीचे लोकही येतात. झेंडावंदन झालं, मुलांना खाऊ वाटला, की चहा घेता घेता समितीच्या अध्यक्षांच्या फोनवर पान उघडायचं, सगळ्यांनी वाचायचं, चूक असेल ती सांगायची, तारीख बदलायची. दहा मिनिटं. पहिल्याच वर्षी एका समितीच्या अध्यक्षबाईंनी स्वतःचं आडनाव चुकीचं छापलंय हे तिथेच दाखवून दिलं. आधीची दोन वर्षं ते कुणाला दिसलं नव्हतं.

तपासणीचा नवा नमुना काढू नका आणि शाळांना गुणही देऊ नका. गुण आले की पुन्हा फोटोंचा ढीग सुरू. केंद्रप्रमुख भेटीला जातातच, त्यांनी लॉगबुकात एक ओळ लिहावी: पान उघडलं की नाही, तारीख कोणती, पाकीट कपाटात आहे का.

तुमचा मसुदा दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. सहीला पाठवण्याआधी तो तालुक्यातल्या सगळ्यात लांबच्या द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना द्या, सोबत लाल पेन द्या, आणि त्यांनी खोडलेल्या ओळींवर वाद घालू नका. माझ्या मसुद्याला असा माणूस भेटलाच नव्हता.

संमतीपत्राचा आणि चार्ज यादीतल्या नोंदीचा मजकूर हवा असेल तर सांगा. तो मात्र देतो.